पाचवीची खोली

“नाही म्हणजे नाही,” थोरला म्हणाला आणि मागे रेलायला गेला. चौथीच्या बाकाला पाठ नव्हती. तो कसाबसा सावरला, गुडघे हनुवटीला लागू नयेत म्हणून पाय बाजूला काढून बसला आणि पुन्हा एकदा ‘नाही’ म्हणाला. अठ्ठावन्न वर्षांचा, गावभर इमारती उभ्या केलेला ठेकेदार माणूस. पण त्या बाकावर त्याचा सगळा रुबाब आखडून गेला होता.

धाकटी समोर खुर्चीवर बसली होती. ती या शाळेची मुख्याध्यापिका. रविवारची सुट्टी बघून भावांना वर्गात बसवायची युक्ती तिचीच. स्वयंपाकघरात पाच माणसं मावत नाहीत, असं तिने सांगितलं होतं. खरी गोष्ट अशी की स्वयंपाकघरात ती सगळ्यांत लहान बहीण असे, आणि वर्गात तिला मध्येच तोडायची कुणाची छाती नसे. निदान इतर दिवशी तरी.

“दादा, उद्या दहाला अधिकारी येणार,” ती म्हणाली. “पाचवीचा वर्ग कुठे भरणार ते दाखवायचंय. मागची खोली दाखवायची आणि ती शाळेला दिल्याचा, आपल्या तिघांच्या सह्यांचा कागद द्यायचा. दोन सह्या झाल्या. तुझी राहिली.”

“आणि नाही दिला तर?”

“तीन वेळा सांगून झालंय.”

“चौथ्यांदा सांग. चौथीतच बसलोय.”

मधला फस्सकन हसला. धाकटी हसली नाही. “नुसती चौथीपर्यंतची शाळा आता ठेवणार नाहीत. पाचवी उघडता आली नाही तर नव्या वर्षापासून सगळी मुलं मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत जातील. दोनशे दहा मुलं. आणि बाबांनी लावलेली पाटी आपण उतरवायची.”

“गुरुजींनी,” थोरला म्हणाला.

“बरं, गुरुजींनी.”

शेवटच्या बाकावर, खिडकीशी, बाई बसल्या होत्या. बाई म्हणजे या तिघांची आई. शाळेच्या वेळात आईला आई म्हणायचं नाही, इतर मुलांसारखं बाई म्हणायचं, हा नवऱ्याने घातलेला दंडक. तो पोरांच्या जिभेवर असा बसला की शाळा सुटली, नोकरी सुटली, नवराही गेला, पण बाई काही आई झाल्या नाहीत. सुनाही बाईच म्हणत. ब्याऐंशी वर्षांच्या बाईंना ऐकू कमी येतं असं सगळ्यांनी धरून चालायचं ठरवलं होतं, आणि बाई ते दुरुस्त करायच्या भानगडीत कधी पडल्या नव्हत्या.

या घरात थोरला हा खरं तर दुसरा. पहिली शाळा. ती त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी, आणि सगळ्या थोरल्या लेकरांसारखी हट्टी. मागेल ते तिला मिळायचं. आजोबा शिंपी होते. त्यांची शिवणाची खोली घराच्या तोंडाशी. मुलगा शिक्षकाची परीक्षा देऊन आला आणि म्हणाला, गावात शाळा नाही, मी काढतो. आजोबांनी दोन्ही यंत्रं ओसरीवर ओढली आणि कापड बेतायचं लांबलचक टेबल तेवढं खोलीत ठेवलं. त्या टेबलाभोवती अकरा मुलं बसली आणि शाळा भरली. टेबलाच्या काठावर इंचांच्या खुणा होत्या, साठपर्यंत. मुलं त्यांच्यावर बोट ठेवत आकडे शिकली. कुणी एकसष्ट विचारलं की गुरुजी म्हणत, त्याला दुसरं टेबल लागेल, पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी टेबल आलं नाही, मुलं आली. दुसरीला बैठकीची खोली गेली. तिसरीला मधल्या दोन खोल्यांतली एक, चौथीला दुसरी. सुट्टी संपायच्या सुमारास गुरुजी गळ्यात आजोबांची मापाची पट्टी अडकवून घरात येत आणि बाई पोळपाटावरून मान वर न करता विचारत, “आता कोणती?” अंथरुणं-पांघरुणं, ट्रंका, आरसा, सगळं एकेक खोली मागे सरकत गेलं. थोरला तिसरीत गेला त्या वर्षी पाच माणसांचं कुटुंब स्वयंपाकघर आणि मागची खोली एवढ्यावर आलं होतं. त्याच्या मागे कुंपण होतं. कुंपण नसतं तर गुरुजींनी बिऱ्हाड रानात नेलं असतं, हा मधल्याचा आवडता विनोद.

पुढे अंगणात चार वर्ग बांधले गेले, घंटा आली, शिक्षक आले, मुलं अकराची दोनशे दहा झाली. घराचा पुढचा भाग कायमचा शाळेच्या नावावर झाला. मागचा भाग गुरुजींमागे तिघा मुलांच्या नावावर आला, आणि वाटणीत मागची खोली थोरल्याकडे गेली. त्याने तिला कुलूप घातलं. त्याला दहा वर्षं झाली.

मधल्याला हे भांडण मिटलेलं हवं होतं, कारण त्याला दोन्ही बाजू पटत होत्या. तो छापखाना चालवायचा. शाळेच्या प्रश्नपत्रिका त्याच्याकडे छापल्या जायच्या. लहानपणापासून त्याचं एकच काम: दादा आणि बाकीचं जग यांच्यामध्ये उभं राहायचं.

“आपण असं करू,” तो म्हणाला. “पाचवी स्वयंपाकघरात भरवू. बाईंची चूल माझ्या घरी.”

“अधिकारी मोजमाप घेतात,” धाकटी म्हणाली. “स्वयंपाकघरात बावीस मुलं बसत नाहीत.”

“मग ऑफिसात.”

“ऑफिसात मी बसले तर शिपाई बाहेर उभा राहतो, एवढं ऑफिस. तू नेमका कुणाच्या बाजूचा आहेस रे?”

“मी? मी मधला.”

“दोन्ही दगडांवर पाय ठेवून किती वर्षं काढणार?”

“सत्तावन्न निघाली. अजून पडलो नाही.”

थोरल्याला धाकट्या भावाचं हे बोलणं नेहमी आवडायचं. आज त्याला राग आला. “तू कशाला सही केलीस?” त्याने विचारलं. “मला न विचारता?”

“विचारलं होतं. तू फोन ठेवलास.”

“तेच उत्तर होतं.”

मग थोरल्याची बायको बोलली. ती आतापर्यंत हातातली पिशवी घट्ट धरून दारापाशी बसली होती. या घरात सून म्हणून येऊन तिला तीस वर्षं झाली होती आणि घराच्या मामल्यात मूग गिळून बसण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं.

“त्या खोलीत काय आहे ते सांगा की त्यांना,” ती नवऱ्याला म्हणाली.

“तू गप्प बस.”

“काही नाहीये तिथे,” ती नणंदेकडे वळून म्हणाली. “तुम्हाला वाटत असेल सिमेंटची पोती, सळ्या, काहीतरी भरून ठेवलं असेल. रिकामी आहे. दरवर्षी माणूस पाठवून रंग काढून घेतात. गेल्या वर्षी माणूस मिळाला नाही, तर स्वतः शिडीवर चढले. कंबर धरली, आठ दिवस मी शेकत होते.”

सगळे थोरल्याकडे बघायला लागले. धाकटी खुर्चीतून अर्धी उठली. एवढे दिवस ती मनात भावाशी भांडत होती ते एका लोभी माणसाशी, खोली अडवून बसलेल्या माणसाशी. असा माणूस समोर नव्हताच, हे तिच्या आत्ता लक्षात आलं, आणि आता कुणाशी भांडायचं ते तिला कळेना.

“दादा, मग द्यायला काय हरकत आहे?”

थोरला खिडकीबाहेर बघत होता. बाहेर अंगणात मुलांनी आखलेल्या खेळाच्या रेघा होत्या. त्याला ती खोली आठवत होती. संध्याकाळी पाचनंतर सगळी शाळा रिकामी व्हायची आणि घर त्या एका खोलीत गोळा व्हायचं. भिंतीला गुरुजी, मग मधला, मग तो, मग बाई, आणि बाईंच्या कुशीत ही धाकटी, अडीच वर्षांची, दात येताना किरकिरणारी. पाचांची एक ओळ. कूस बदलायची तर सगळ्यांनी मिळून बदलायची. कंदिलाच्या उजेडात गुरुजी वह्या तपासायचे आणि बाई त्यांच्या हातातली लेखणी काढून घेऊन म्हणायच्या, उरलेल्या माझ्याकडे द्या. एवढ्या खोल्या बांधल्या त्याने पुढे, पण तशी झोप त्याला पुन्हा कुठल्या खोलीत लागली नाही.

“शाळेने सगळं नेलं,” तो म्हणाला. “बैठक नेली, आजोबांची खोली नेली. माझी झोपायची जागा नेली, मी पाटी उशाला घेऊन झोपलो. तेव्हाही मी काही म्हटलं नाही. एक खोली उरलीय. ती तरी घरासारखी राहू दे.”

“पण बंद घर कसलं घर?” मधला हळूच म्हणाला.

“आणि कुणाला देऊ?” थोरल्याचा आवाज चढला. “ज्या शाळेने मला नापास केलं तिला?”

मधल्याला हसू आलं, आणि तोंडापर्यंत येऊन ते थांबलं. दादा थट्टा करत नव्हता. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी रडू यायच्या आधी व्हायचे तसे.

“अरे, त्याला आता अठ्ठेचाळीस वर्षं झाली,” धाकटी म्हणाली.

“तुला काय माहीत? तू रांगत होतीस.”

“चालत होते.”

“गुरुजी त्या पायरीवर उभे राहिले होते,” थोरल्याने दाराकडे बोट दाखवलं. “हातात निकालाचा कागद. सगळ्या गावाची पोरं, त्यांचे आईबाप. एकेकाचं नाव घ्यायचे आणि पास म्हणायचे. माझ्या नावापाशी थांबले. घसा साफ केला. आणि नापास म्हणाले. साठ वर्षांत या शाळेने चौथीत किती मुलं नापास केली, मुख्याध्यापिका?”

धाकटीने हे कधीतरी जुन्या नोंदींमध्ये पाहिलं होतं. “एक,” ती म्हणाली.

“एक! गावाला दाखवायचं होतं त्यांना, मास्तर पोटच्या पोराला सोडत नाही. वा! गाव काय खूश झालं! अजून लोक मला तो किस्सा सांगतात, तुझे वडील म्हणजे काय न्यायी माणूस. मी मान डोलावतो.” त्याने मधल्याकडे मान वळवली. “पुढच्या वर्षी ह्याच्या शेजारी बसलो. माझ्या पाठच्या भावाच्या. आणि हा पहिला आला.”

“तू मला गणितं दाखवायचास,” मधला म्हणाला.

मधल्याला ते वर्ष आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं वर्ष वाटायचं, आणि हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. दादा शेजारी. डबा एकच. घंटा झाली की दोघं मिळून टेबलावरच्या साठ इंचांवर गोट्या पळवायचे. दुसऱ्याच्या अपमानावर आपलं सुख उभं आहे हे त्याला मोठेपणी कळलं, आणि तेव्हापासून तो दादापुढे जरा वाकूनच उभा राहायचा.

“गुरुजींनी नाही केलं ते,” शेवटच्या बाकावरून बाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज मोठा नव्हता. पण वर्गात चौतीस वर्षं शिकवलेल्या बाईचा आवाज होता. सगळ्यांच्या माना मागे वळल्या.

“चौथीचं गणित माझ्याकडे होतं. पेपर मी तपासला. मी नापास केलं.”

थोरल्याला नीट समजलं नाही. “म्हणजे? मला येत नव्हतं?”

“येत होतं. बरोबर होती उत्तरं. मी त्यांच्यावर काट मारली.”

धाकटीचे हात नकळत टेबलावरच्या कागदावर जाऊन बसले. बाईंनी असं काही केलं असेल हे तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. अर्ध्या गुणासाठी मुलाला परत बोलावून उत्तर वाचून घेणाऱ्या बाई. शिक्षिका व्हायचं ते अशा बाईंसारखं, असं ती आयुष्यभर म्हणत आली होती.

“का?” थोरल्याने विचारलं.

“शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीला शहरात मामाकडे जायचं. त्याने कॉटसुद्धा विकत घेऊन ठेवली होती.” बाई खिडकीच्या गजाला धरून बसल्या होत्या. “तू साडेनऊ वर्षांचा. तुला अजून बुटाची नाडी बांधता येत नव्हती. रात्री उठून पाणी प्यायचं तर माझा पदर धरून यायचास. मी महिनाभर विचार केला, हा तिथे एकटा कुणाचा पदर धरेल? मामी चांगली होती, पण तिची स्वतःची चार होती. मग मला वाटलं, एक वर्ष थांबला तर हा पाठचा पण चौथी होईल. दोघं बरोबर जातील. रडायचं तरी दोघं मिळून रडतील.”

मधला खाली बघायला लागला. मामाच्या घरच्या त्या पहिल्या रात्री त्याला आठवत होत्या. कॉट एकाची होती. दादाने त्याला भिंतीकडच्या बाजूला घेतलं होतं आणि म्हणाला होता, आता झोप, मी जागा आहे. तो उगीचच खिशात रुमाल शोधायला लागला. रुमाल नव्हता. वहिनीने पिशवीतून काढून दिला.

“आणि गुरुजींना माहीत होतं?” थोरल्याने विचारलं. तो उभा राहिला होता.

“पेपर त्यांच्याकडे सहीला गेला. त्यांनी पाहिला. त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. मला म्हणाले, ‘बाई, ही तीन उत्तरं बरोबर आहेत.’ मी म्हटलं, ‘गुरुजी, वर्ग माझा आहे, मी तपासलाय.’ आणि मला रडू फुटलं. तेव्हा त्यांना कळलं. सगळ्या आयुष्यात खोटी सही केली नव्हती त्या माणसाने. मग केली.”

“आणि नापास झाल्याचं मला सांगताना...”

“त्यांचा घसा बसला होता तेव्हा. तुला वाटलं साफ केला.”

थोरला भिंतीपाशी गेला, परत आला. चूक होती, असं म्हणायचं तर ते त्या स्वतःच जाणून होत्या. माफ केलं म्हणायचं तर कुणाला करायचं तेच ठरेना. ज्याच्यावर अठ्ठेचाळीस वर्षं राग धरला तो माणूस गुन्हेगारच नव्हता. आणि जी होती ती समोर गजाला धरून बसली होती.

“त्या दिवसापासून तू त्यांना बाबा म्हणायचं सोडलंस,” बाई म्हणाल्या. “पाचनंतरही गुरुजीच. ते ओ द्यायचे. मला वाटायचं, सांगून टाकावं. आधी तू लहान होतास. मग तू एकदम मोठाच झालास.”

“दवाखान्यात होते तेव्हा सांगायचं होतं!” थोरला ओरडला. त्याच्या बायकोने त्याला या आवाजात बाईंशी बोलताना कधी ऐकलं नव्हतं. “मी डॉक्टर आणले, औषधं आणली, सगळं केलं. बाहेर बाकड्यावर बसून राहिलो बारा दिवस. आत जाऊन जवळ बसलो नाही. तुम्ही एक शब्द बोलल्या असतात तर मी आत गेलो असतो, बाई!”

“मी त्यांना विचारलं होतं,” बाई म्हणाल्या. “तेव्हाही विचारलं, त्याच्या आधीही खूपदा. त्यांनी सांगू दिलं नाही.”

“का?”

“तू मामाकडे गेलास तेव्हा म्हणाले होते, बापावर रागावलेलं पोर शहाणं होतं, त्याला काही होत नाही. पण ते परमुलखात गेलं की रात्री आठवण काढायला त्याला एक आई लागते. तिच्यावर राग धरून चालत नाही. ती त्याला राहू दे.” बाईंनी डोळ्यांना पदर लावला. “दवाखान्यात फक्त एवढंच म्हणाले, बाहेर बसलाय ना? मग झालं.”

अंगणात वाऱ्याने एक पत्रा वाजला. धाकटी उठून आईजवळ जायला निघाली आणि मध्येच थांबली, कारण थोरला आधीच तिकडे निघाला होता. तो शेवटच्या बाकापाशी गेला आणि आईच्या शेजारी बसला. बाक दोन मुलांचं होतं. त्यात तो मावत नव्हता, पण बाई सरकल्या. त्याने त्यांचा हात हातात घेतला.

“बावीस म्हणालीस ना?” त्याने बहिणीला विचारलं. “पाचवीला बावीस मुलं?”

“बावीस.”

“त्यांतली किती बाहेरगावी गेली असती?”

“रस्त्यापलीकडच्या शाळेत खालच्या वर्गांना जागा होईल, पण पाचवीला थोड्याच आहेत. आठ-नऊ तरी गेली असती. नातेवाइकांकडे, कुणी वसतिगृहात.”

थोरल्याने मान हलवली आणि हात पुढे केला. धाकटीने कागद आणि पेन आणून त्याच्या पुढ्यात ठेवलं. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. तरी त्याला अक्षर दिसेना. इमारतींच्या नकाशांवर डोळे मिटून सही करणारा माणूस, तो पेन हातात धरून कागदावर नुसता शोधत राहिला. तेव्हा धाकटी वाकली, त्याच्या खांद्यावर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हाताचं बोट रेघेवर टेकवलं.

“इथे, दादा,” ती म्हणाली. “इथे लिही.”